महालक्ष्म्यांच्या दिवशीचा अंगठा

चोरी, मारामारी, खून, सगळं पाहिलं मी नोकरीत. त्यातलं बरंच विसरलो. पण रायपूरच्या एका आजींच्या घराचं प्रकरण काही डोक्यातून जात नाही, कारण त्यात पहिली चूक माझीच होती.

सदर बाजाराजवळच्या ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून, मुंशीकडून रोजनामचा, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, घेऊन बसलो होतो. तेवढ्यात पंचाहत्तरीच्या एक बाई आणि त्यांची मुलगी आत आल्या. आजी रेल्वेतल्या कारकुनाच्या विधवा, मूळच्या अमरावतीकडच्या. मुलगी सरकारी शाळेत शिक्षिका, लग्न न केलेली, आईजवळच राहणारी. आजींच्या नावावर तीन खोल्यांचं घर होतं.

"साहेब, पंडरी बाजारातला एक कापडवाला काल मोजायचा टेप घेऊन आला," आजी म्हणाल्या. "म्हणते, माँजी, घर खाली कब करोगे? मी म्हटलं, काहून खाली करू? माह्यं घर आहे! तर त्यानं कागदच दाखवला."

कागद म्हणजे नोंदणी झालेलं दानपत्र. आजींनी आपलं घर राजीखुशीनं पुतण्याला दिलं, असं त्यात लिहिलं होतं. खाली अंगठा, वर फोटो, दोन साक्षीदार. पुतण्या आता ते घर कापडवाल्याला विकत होता.

हा पुतण्या म्हणजे आजींच्या दिराचा मुलगा, रजिस्ट्री ऑफिसाबाहेर जमिनींची दलाली करणारा. आजींना एकच घोर होता, आपल्या मागे मुलीला वारसाहक्कासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत. पुतण्या म्हणाला, "काकू, मृत्युपत्र केलं तरी प्रोबेट, म्हणजे कोर्टाची मंजुरी लागते, वर्षानुवर्षं चालते. मी असा कागद बनवतो की दीदीले कोर्टाचं तोंड पाहा लागणार नाही." आजींनी घराचे मूळ कागद आणि आपलं ओळखपत्र काढून त्याच्या हातात दिलं. घरचाच माणूस, पावती कोण मागणार?

मी पुतण्याला बोलावलं. गडी एकदम थंड. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. "साहब, काकू स्वतः आली होती ऑफिसात. आता विसरून राहिली. या उमरमध्ये होते असं."

फोटो पाहिला. डोक्यावरून कपाळापर्यंत पदर ओढलेली म्हातारी बाई, अर्धा चेहरा सावलीत. आजी असतीलही, नसतीलही. आजी तर सही करणाऱ्या, मग अंगठा कसा? त्यावरही त्याचं उत्तर तयार होतं, "हात थरथरते न तिचा." आणि आजींचा हात थरथरत होता, हे मी स्वतः पाहिलं होतं.

आता माझी लाज सांगतो. मला त्याचं पटलं. मी आजींना म्हणालो, "हे दिवाणी प्रकरण दिसतं. तुम्ही कोर्टात जा." मुलगी एकदम उसळली. "भैया, कोर्टाच्या चकरा चुकाव्या म्हणून तर आईनं हे सारं केलं! आता तुम्हीही तिथंच पाठवून राहिले?" आजी पदर सावरून निघून गेल्या.

चार दिवसांनी रजिस्ट्री ऑफिससमोरच्या चहावाल्याने, जो कधीमधी आम्हाला खबर देत असे, माझ्या हवालदाराच्या कानात सांगितलं. अभनपूरकडची एक म्हातारी तिथे येऊन बसते, आणि कधी या नावानं, कधी त्या नावानं अंगठा लावून जाते. तिला घेऊन येणाऱ्यांत आमचा इस्त्रीच्या शर्टातला पुतण्या होताच. मी हवालदाराला म्हणालो, "आधी त्या आजींच्या घरी जाऊ." तो म्हणाला, "हव साहेब, जाऊनच येऊ." त्यालाही ते प्रकरण बोचत होतं, हे मला तेव्हा कळलं.

आजींच्या घरी बसून रीतसर बयान, म्हणजे जबाब, घेऊ लागलो. दानपत्रावरची तारीख वाचून विचारलं, "आजी, या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"तारीख मले काय माहीत, बाबू? सण कोणता होता ते सांग."

मुलीने दारामागच्या खिळ्यावरची गेल्या वर्षाची दिनदर्शिका काढली. तिचं बोट भाद्रपदाच्या एका चौकोनावर थांबलं. ज्येष्ठागौरी पूजन. म्हणजे आमच्या वऱ्हाडी घरांतलं महालक्ष्म्यांचं जेवण.

"अगं बाई!" आजी कपाळावर हात मारून म्हणाल्या. "त्या दिवशी मी उंबरठ्याबाहेर पाय तरी टाकीन का? पहाटेपासून सोवळ्यात होती मी. पुरण, सोळा भाज्या, आंबील. नैवेद्य झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही."

"नैवेद्य किती वाजता झाला?"

"काय सांगू! पूजा करणारा घरातला पुरुष पाहिजे, तो म्हणजे हाच मेला पुतण्या. दरवर्षी बाराला येते, त्या वर्षी चारनंतर उगवला. जेवायला बोलावलेला सारा पारा, सारी गल्ली उपाशी! अन् आला तो अंगठ्याला निळी शाई. म्हटलं, आधी हात घासून धू, मग पूजेले बस."

मी दानपत्र पुन्हा पाहिलं. दानपत्रावर नोंदणीची वेळ होती दुपारी पावणेतीन. त्या वेळी आजी चुलीपुढे सोवळ्यात होत्या, आणि पुतण्या दान घेणारा म्हणून स्वतःचा अंगठा लावून येत होता. मी लगोलग गल्लीतल्या सात घरांची बयानं घेतली. उपाशी बसलेला माणूस ती दुपार विसरत नाही. सातही जणांनी सांगितलं, आजी घरातच होत्या आणि नैवेद्य साडेचारला झाला. एक काका तर वैतागून म्हणाले, "मी शुगरचा पेशंट आहे, साहेब. चक्कर यायची बाकी होती!"

आता पुतण्याला पुन्हा समोर बसवला. आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि विचारलं, "त्या दिवशी काकूंच्या घरी महालक्ष्म्या होत्या ना? पूजा तूच केलीस?"

"हो साहेब. बाराला पूजा केली, काकू जेवली, मग तिले स्कूटरवर ऑफिसात नेलं."

मी सात बयानं टेबलावर मांडली. "साडेचारपर्यंत पूजाच झाली नव्हती, बेट्या. म्हणजे पावणेतीनला तुझी काकू नैवेद्याआधी सोवळं मोडून स्कूटरवर बसली? तू त्या घरचा मुलगा आहेस. तूच सांग, बसली असती?"

खोटं बोलायला त्याला कोणाची भीती नव्हती, पण या प्रश्नाला हो म्हणायला त्याची जीभ वळेना. शेवटी कबूल झाला. तो दिवस त्याने मुद्दाम निवडला होता. सरकारी सुट्टी नाही, ऑफिस सुरू, आणि काकू काही झालं तरी घराबाहेर पडणार नाही याची खात्री. ज्या खात्रीवर त्याने डाव रचला, तीच त्याच्यावर उलटली.

"घर कुळाबाहेर जाऊन राहिलं होतं, साहेब," तो म्हणाला. "दीदीच्या मागं महालक्ष्म्या कोण बसवल?"

माझं डोकं फिरलं. "अन् कापडवाला बसवणार होता का रे?" मी ओरडलो.

अभनपूरची बाई दोन दिवसांत सापडली, मूळ कागद त्याच्या कपाटातून जप्त झाले, आणि तज्ज्ञाच्या अहवालात अंगठा त्या बाईचाच निघाला. दानपत्र रद्द करायला मात्र आजींना कोर्टात जावंच लागलं. माझा हवालदार दर तारखेला त्यांच्यासोबत जात होता, मी सांगितलं नव्हतं तरी.

नंतर आजींनी मुलीच्या नावानं मृत्युपत्र केलं. आमच्याकडे मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नव्हतीच, तंटा झाला तरच कोर्ट. पुतण्याने नुसता बागुलबुवा उभा केला होता. यावेळी आजी स्वतः ऑफिसात गेल्या, प्रत्येक ओळ मुलीकडून नव्हे, तिऱ्हाइताकडून वाचून घेतली, आणि थरथरत्या हाताने पाच मिनिटं लावून सही केली. अंगठा नको म्हणाल्या.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. घराचे मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, मग तो देवघरात पूजा करणारा का असेना. आणि दुसरी माझ्या खात्यातल्या पोरांसाठी, म्हातारं माणूस विसरलं असेल असं धरून चालू नका. त्याला तारीख आठवत नसेल, तर सण विचारा.

पुढच्या भाद्रपदात आजींनी मला जेवायला बोलावलं. पूजेला कोण बसणार म्हणून गल्ली कुजबुजत होती. एका म्हाताऱ्याने विचारलंच, "पुरुष माणूस कोण आहे?"

आजींनी मुलीच्या हातात पूजेचं ताम्हण दिलं. "घर जिचं, पूजा तिची," त्या म्हणाल्या. "बस पोट्टे, लोक भुकेले आहेत."

बाराच्या ठोक्याला नैवेद्य झाला.