बारवेतला दगड
परंड्याच्या पेंटरनं काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात गावाचा इतिहास रंगवून दिला, तेव्हा मी तो फलक तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मजकूर माझा होता. हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात आलो, त्याच्या एक-दोन वर्षांनंतरची ही गोष्ट. परंडा तालुक्यातल्या एका खेड्यात मी मास्तर होतो. नवी ग्रामपंचायत झाली होती आणि कचेरीच्या दारावर गावाचा इतिहास असावा, असं सरपंचांच्या मनात आलं होतं.

माझं सगळं शिक्षण निजामाच्या अमलात, उर्दूत झालेलं. मराठी घरात बोललो, पण लिहायला शिकलो ते नोकरीपुरतं. शाळा तपासायला आलेले साहेब एकदा माझी वही बघून पोरांसमोर हसले होते. तेव्हापासून मनात एक काटा होता. हा फलक म्हणजे चारचौघांसमोर जाणारं माझं पहिलं मराठी. काही झालं तरी मी ते झोकात लिहिणार होतो.

इतिहास गोळा कसा केला म्हणाल, तर सरपंचांच्या ओसरीवर बसून, चहा पीत. ते पाटील घराण्यातले. गावची बारव आमच्या आजोबांनी बांधली, असं ते म्हणाले आणि मी लिहून घेतलं. दुसऱ्या कुणाच्या दारात गेलो नाही. पायऱ्यांची ती जुनी विहीर अख्ख्या गावाला पाणी पाजत होती, पण तिच्याबद्दल गावाला विचारावं असं मला सुचलंही नाही.

सुचायला हवं होतं, कारण गावात एक म्हातारे पिंजारी होते. गाद्या-उशांचा कापूस पिंजून द्यायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. आपल्या आजीनं दुष्काळात शेताचा तुकडा दिला म्हणून ही बारव झाली, आणि तसा दगड बारवेच्या भिंतीत आहे, असं ते जन्मभर सांगत आले होते. दगड कुणाला दिसत नव्हता. भिंतीवर चुन्याचे थरावर थर चढलेले. पारावर टवाळांना काम नसलं की कुणीतरी विचारायचं, "चाचा, आजीचा दगड सापडला का?" चाचा शांतपणे म्हणायचे, "हाय. चुन्याखाली हाय." मीही त्या हसण्यात सामील असे.

फलक लावायच्या आधी बारवेतला गाळ श्रमदानानं काढायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी कुणाची तरी पहार भिंतीला लागली, चुन्याचा मोठा पोपडा पडला आणि आत दगड दिसला. कोरलेल्या उर्दू ओळींचा.

घमेली जागच्या जागी राहिली. कुणीतरी चाचांना बोलावून आणलं. ते पायऱ्या उतरून आले, डोक्याचा पटका सोडला, पाण्यात भिजवला आणि दगड पुसू लागले. कितीतरी वेळ पुसत होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. गावातली उर्दू जाणणारी दोन घरं केव्हाच सोलापूरला गेलेली. मशिदीतल्या मुल्लाजींना म्हातारपणी दिसत नव्हतं. राहिलो मी.

"मास्तर, वाचा की," सरपंच म्हणाले.

अक्षरं स्वच्छ होती. दुष्काळात गावाला पाणी नव्हतं तेव्हा अमुक पिंजाऱ्याच्या विधवेनं आपली जमीन दिली आणि गावानं मिळून ही बारव खोदली, असं लिहिलं होतं. बाईचं नाव होतं. पाटलांचा उल्लेखही नव्हता.

मला भीती वाटली होती असं लिहिलं, तर वाचणारे समजून घेतील. दिवसच तसे होते, असंही म्हणतील. पण भीती वाटली नव्हती. सरपंच तापट नव्हते, हसून सोडून दिलं असतं त्यांनी. मला दिसला तो फक्त माझा फलक. परवा फलकाच्या समारंभाला तहसीलदार येणार, आणि माझं पहिलं मराठी खोटं ठरणार.

"जुन्या सरकारची स्तुती आहे," मी म्हणालो. "बाकी झिजलंय."

"माज्या आजीचं नाव आसंल, मास्तरसाब," चाचा म्हणाले. "नीट बगा की जरा. खालच्या वळीत आसंल."

नाव खालच्याच ओळीत होतं. त्यांचं ओलं बोट त्याच्यापासून वीतभर अंतरावर होतं.

"नाही चाचा. तसं काही नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत संशय असता तर आज मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी ओला पटका पिळला, तसाच डोक्याला बांधला आणि पायऱ्या चढून गेले. त्या दिवशी कुणीही त्यांची चेष्टा केली नाही.

फलक लागला. तहसीलदारांनी मोठ्यानं वाचून दाखवला, भाषा चांगली आहे म्हणाले. टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून विनयानं हसत होतो, तोच चाचा उभे राहिले.

"म्या लई वर्सं गावाला खोटं सांगितलं," ते हात जोडून म्हणाले. "आमच्या घरात जे आईकलं त्येच बोललो. पाटलांच्या पुण्याईवर आमी हक्क सांगितला. गावानं माफी करावी."

सरपंच उठून त्यांच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आसू द्या हो चाचा, त्यात काय एवढं." लोकांनी त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. मला उठता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची लाज मला दगड खोटा वाचल्याच्या लाजेपेक्षा जास्त वाटते.

वाटलं, संपलं. पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा चाचा आपल्या नातीचा हात धरून दारात उभे. त्या घरातली पोर तोवर कधी शाळेत आली नव्हती.

"हिला वाचाया शिकवा, मास्तरसाब," ते म्हणाले. "मला वाचता आलं आसतं तर इतकी वर्सं खोटं बोललो नसतो."

पोरगी हुशार निघाली. दिवाळीच्या आत फलक घडाघडा वाचू लागली. पाटलांनी बारव बांधली, हे वाक्य तिनं आजोबांना माझ्यासमोर वाचून दाखवलं आणि चाचांनी अभिमानानं माझ्याकडे बघितलं. पुढं एकदा पाण्याची घागर घेऊन येताना ती थांबली.

"गुरुजी, बारवेतल्या दगडावरली अक्षरं कोणती हो? ती मला कवा शिकवनार?"

दगड तसाच उघडा होता. ती अक्षरं शिकवू शकणारा त्या गावात मी एकटाच होतो.

"ती आता कुणाला लागत नाहीत," मी म्हणालो, आणि बदली होईपर्यंत तिला मराठीच शिकवत राहिलो.