मॅडमचं उपाशी खमीर

आमच्या जालन्याच्या कॉलेजात खमीर मॅडम सुट्टीच्या दिवशीही यायच्या. कशाला आलात विचारलं, की म्हणायच्या, "एकाला जेवू घालायचंय, एकाला उपाशी ठेवायचंय." शिकवायच्या सूक्ष्मजीवशास्त्र. नवीन जालन्यातल्या एका बेकरीतून त्यांनी पावाचं खमीर, म्हणजे यीस्ट, आणलं होतं आणि त्याच्यावर त्यांचा पोटच्या लेकरासारखा जीव. त्यांचं खरं नाव चांगलं ऐटदार होतं, पण आम्ही पोरींनी एकदा 'खमीर मॅडम' ठेवलं ते ठेवलंच. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडायचंही.

त्या खमिराच्या मॅडम दोन बशा मांडायच्या. एकीत भरपूर खाणं, दुसरीत जेमतेम. पोटभर खाणाऱ्या पेशी गोल गरगरीत, जागच्या जागी बसलेल्या. उपाशी ठेवलेल्या मात्र लांबट व्हायच्या, एकीला एक चिकटून साखळी धरायच्या आणि अन्नाच्या शोधात पुढं सरकायच्या. "बघ बघ, निघाल्या!" मॅडम अशा ओरडायच्या की शिपाई दारातून डोकावायचा. "मला ह्याच आवडतात. त्या गोल गोल नुस्त्या बसून राह्यल्या." मग सूक्ष्मदर्शकावरून मला उठवून स्वतः बसायच्या आणि माझी पाळी साफ विसरायच्या.

बीएस्सी झालं आणि हसनाबादला घरी माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. मला बंगळुरूला पुढं शिकायचं होतं, प्रवेशही मिळाला होता. मी रडत मॅडमना फोन केला. दुसऱ्याच दिवशी त्या ओढणीत गुंडाळलेला कॉलेजचा जुना सूक्ष्मदर्शक पोटाशी धरून एसटीतून उतरल्या.

वडील म्हणाले, "म्याडम, आमच्या घराण्यात कोणी एवढं शिकलं न्हाई. रक्तातच न्हाई ते."

मॅडमनी ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला, आरशानं ऊन पकडलं आणि वडिलांना आधी पोटभर खाल्लेल्या खमिराचा थेंब दाखवला, मग उपाशी खमिराचा.

"हे गोल, अन् हे काकडीवानी," वडील म्हणाले. "दोन जाती हायेत."

"न्हाई भाऊ. रक्त एकच, ताट वेगळं."

वडील काही कच्चे नव्हते. "मंग कोणतंबी उपाशी ठेवलं की असंच होतंय का?"

इथं मॅडमनी नुसती मान डोलावली असती तरी माझं काम झालं असतं. पण विज्ञानात खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. "न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं दुसरं एक खमीर आहे. कितीबी उपाशी ठेवा, गोलच राहतं. ते बराबर रक्ताचं. पण भाऊ, ताट बदलून बघितल्याबिगर कसं कळणार, हिचं रक्त कोणतं?"

वडिलांनी पुन्हा डोळा लावला, बराच वेळ बघत राहिले. चहा झाला, आणि मॅडम उठल्या तेव्हा वडिलांनी विचारलं, "बंगळुरूची गाडी जालन्यावरून मिळती का?"

मॅडमनाही तरुणपणी हैदराबादला संशोधनाला जायचं होतं. त्यांचे वडील वारले, अम्मीनं अंथरूण धरलं आणि त्या राहिल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही हसत. मी बंगळुरूला निघताना त्यांनी बेकरीच्या खमिराची नळी माझ्या हातात दिली. "तुझ्या मोठ्या यंत्राखाली माझी मंडळी कशी दिसतात, ते बघायला मी येणार. बिलकुल येणार."

मी बोलवत राहिले. परीक्षा झाल्या की येते, ईद झाली की येते. कधी मी चिडायचे, तर म्हणायच्या, "अम्मीला कुठं ठेवू, सांग." मागच्या थंडीत मॅडम झोपेतच गेल्या. वडिलांनीच मला फोन करून कळवलं. बंगळुरूत ते यंत्र होतं, खमीर होतं, एक खुर्ची कमी पडली असती तर मी उभी राहिले असते. फक्त त्या एकदा यायला हव्या होत्या.

जालन्याला त्यांच्या घरी गेले. अम्मी भाचीच्या आधारानं उठून बसल्या. मी मोबाइलवर मॅडमच्या खमिराचा फोटो दाखवला, मोठ्या यंत्राखाली रंग देऊन काढलेला, हिरवागार चमकणारा. अम्मींनी तो डोळ्यांजवळ नेला, एकेक पेशी निरखली आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ये तो सब गोल हैं, बेटा. लंबेवाले नहीं लाई? उसकू वोच पसंद थे."