उंडीखालचे तीन दिवे

मिस्त्री दिवे लावायला यायचे आणि दिवे काढत बसायचे. मी कला महाविद्यालयात प्रकाशरचना शिकलेली, ते साकीनाक्याच्या गाळ्यात लग्नमांडवाच्या माळा दुरुस्त करणारे. मनोरीला समुद्रालगतच्या झाडांत आम्ही दर हिवाळ्यात दिव्यांचं प्रदर्शन मांडायचो, त्याच्या वायरिंगसाठी मी त्यांना बोलावलं. खोटं कशाला बोलू, दुसऱ्याच संध्याकाळी मला त्यांचा हेवा वाटू लागला.

कामाआधी ते झाडापाशी नुसते अर्धा तास बसायचे. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला हवी म्हणायचे. तेवढ्यात कोणी मोबाइल काढला तर वसकन अंगावर यायचे. मीही लॅपटॉप मिटून, दात-ओठ खात शेजारी बसायचे.

तिथल्या उंडीच्या जुन्या झाडासाठी मी चाळीस दिव्यांचा आराखडा केला होता. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नुसता झगमगाट. मिस्त्री आपल्या मालवणीत म्हणाले, "मॅडम, ह्या झाड आसा, लग्नाचो हॉल नाय. झाडाक पण काळोख व्हयो." मग सदतीस दिवे काढून त्यांनी उरलेले तीन बुंध्यामागे जमिनीलगत लपवले. पानांच्या कडा तेवढ्या उजळल्या, बाकी उंडी काळोखात उभी राहिली. इतकी सुंदर, की मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं. चार वर्षं शिकून मला हे दिसलं नव्हतं.

उद्घाटनाला सगळी गर्दी उंडीपाशीच. एका पाहुण्यांनी विचारलं, कल्पना कोणाची? मी म्हणाले, माझी. मिस्त्री हातभर अंतरावर वायर गुंडाळत होते. त्यांनी ऐकलं असणारच.

पुढच्या वर्षी मी त्यांना बोलावलं नाही. तीन दिवे स्वतः लावले, पन्नास वेळा हलवले. उंडी काही उभी राहीना, नुसतीच अंधारी दिसत होती. आणि नेमके मिस्त्री आले, बायकोला घेऊन, मार्व्याच्या बोटीने प्रदर्शन बघायला. मला वाटलं, आता आपली वाट लागली. ते बराच वेळ बघत राहिले. मग "हात लावू?" असं हळूच विचारून त्यांनी एक दिवा चार बोटं मागे सरकवला. उंडी उभी राहिली.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "ह्या आमच्या मॅडमनी केलेला."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधत राहिले. तो नव्हताच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गावी गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या हाताचा हेवा मी कधीतरी पचवलाही असता. पण ते वाक्य ते इतक्या सहज बोलले, त्याचा हेवा मात्र अजून जात नाही.