फळ्यावरचा प्रोग्रॅम

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते; शेजारच्या खोलीत आमचे एक सर संगणकशास्त्र शिकवतात. त्यांच्या शर्टाला खडूचा आणि तापलेल्या वायरीचा मिसळलेला वास असतो. वहीतल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून प्रोग्रॅम वाचल्याशिवाय ते कोणालाही कीबोर्डला हात लावू देत नाहीत.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत वीज गेली, पाठोपाठ इन्व्हर्टरही दमला. परीक्षा द्यायची नाटे गावची एकच मुलगी उरली होती आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना राजापूरची एसटी गाठायची होती.

"प्रोग्रॅम चाललेला पाहिल्याशिवाय गुण कसे देऊ?" परीक्षक म्हणाले.

मी दारातच उभी होते. सर फळ्यापाशी गेले. "आता मी होतो मशीन. वाच गो तू."

प्रोग्रॅमने एक ते दहा आकडे छापायचे होते. ती वहीतल्या ओळी वाचत गेली, सर लिहीत गेले: एक, एक, एक. फळ्याची ओळ भरली, दुसरी सुरू झाली. खडूची करकर थांबेना.

"सर, थांबा ना!"

"मशीन कसं थांबेल गो? तू सांगितलंस तेच करतंय."

मग तिने वही पुढे ओढली आणि आकडा एकाने वाढवण्याची राहून गेलेली ओळ लिहिली. सरांनी फळा पुसला, दहापर्यंत लिहिले आणि ते थांबले. परीक्षकांनी गुण भरले.

नंतर मी विचारले, "ती ओळ तुम्हीच मनात धरून पुढे गेला असतात तर?"

हात झटकत ते म्हणाले, "मग पास मी झालो असतो, मॅडम."