मोजणीवाल्याचे रस्ते

तीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून उभा राहिलो. निवृत्त झालो तेव्हा मला दोनच गोष्टी हव्या होत्या, बसायला जागा आणि कानाला आराम. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगून चालायला लावलं. चालण्याचा मला कंटाळा येतो, म्हणून सायकल घेतली. रिसोडच्या बाजारातून पहिल्यांदा निघालो, तर ओळखीचे लोक म्हणाले, कंडक्टर शेवटी ड्रायव्हर झाला. मी हसलो, पण ते मला मुळीच आवडलं नव्हतं आणि अजूनही आवडत नाही.

पहिला महिना वाशीमच्या मोठ्या रस्त्यावर गेला. मागून सोयाबीनचे ट्रक, समोरून जीपा, आणि जो तो मलाच हॉर्न ऐकवणार. घरी आलो की कान ठणकायचे. एका सकाळी आमच्याच गल्लीतला एक जण फाटकापाशी थांबला आणि म्हणाला, मोठा रस्ता सोड, मी तुला रस्ते दाखवतो. हा मोजणी खात्यात होता. तालुक्यातल्या शेतांच्या हद्दी मोजण्यात त्याची सगळी नोकरी गेली. बौद्ध घर, आईबाप दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. आपल्या नावावर गुंठाभर जमीन नाही, पण मोठमोठे शेतवाले आपल्यापुढे हात जोडून उभे राहायचे, हे तो मजेत सांगायचा. आमची ओळख लहानपणापासूनची होती. मैत्री मात्र साठीनंतर झाली.

त्याचे रस्ते खरंच रिकामे होते. गावाबाहेर पडून पैनगंगेकडे उतरायचं. मधे बुटक्या टेकड्या, त्यांच्यावर साग आणि पळस. एक चढ असा की मी निम्म्यात उतरून सायकल ढकलायचो आणि तो वर थांबून माझ्या पोटाबद्दल बोलायचा. चढ संपला की खाली सगळं खोरं दिसायचं, काळी रानं आणि त्यांच्यामधून वळत गेलेली नदी. तिथे काही न बोलता दोन-चार मिनिटं थांबायचं, हा आमचा नेम झाला. मला इतकी वर्षं कुणी गप्प बसू दिलं नव्हतं. त्या टेकडीवर मी पहिल्यांदा स्वतःचा श्वास ऐकला.

खाली नदीच्या अलीकडे एक पडकं हेमाडपंती देऊळ आहे. आत देव नाही. निम्मे दगड गावाने केव्हाच बांधाला आणि गोठ्याला लावले. मोजणीवाल्याला त्यातला एकेक दगड कुणाच्या बांधात आहे ते पाठ होतं. सात-आठशे वर्षांपूर्वीचा खांब आणि त्याला बांधलेली म्हैस दाखवून म्हणायचा, बघ, अजून कामावर आहे, तुझ्यासारखा रिटायर नाही झाला. देवळात शिरला की तो खांबांवरच्या नक्षीवर बोटं फिरवायचा. मला वाटायचं, काय हा रसिक माणूस.

तसं नव्हतं. त्याच देवळापाशी त्याने मला सांगितलं. आम्ही पायरीवर बसलो होतो. गवताचा भारा घेतलेली एक बाई त्याच्या अगदी बाजूने गेली आणि तिने नमस्कार केला, तर हा दचकला. ती गेल्यावर म्हणाला, बाजूचं दिसत नाही. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं गेलं. मग मला एकेक लक्षात यायला लागलं. खांबांवर बोटं फिरवायचा ते नक्षीसाठी नव्हे, बाजूचा खांब अंगाला लागू नये म्हणून. कोंबडीसारखी मान वळवून बघायचा, त्यावरून मी त्याला किती चिडवलं होतं. चढ सोडला तर मला नेहमी पुढे ठेवायचा, म्हणायचा तू वारा अडवतोस, आणि मी त्यावर खूश. हे रिकामे रस्तेसुद्धा त्याने माझ्या कानांसाठी शोधले नव्हते. जिथे बाजूने काही येत नाही असे रस्ते त्याला हवे होते.

मी म्हणालो, मोतीबिंदू असेल. तोही म्हणाला, तोच. आमच्या भागात मोतीबिंदूबद्दल सगळ्यांचं एक मत आहे. आंब्यासारखा तो पिकू द्यायचा, कच्चा काढायचा नाही. पिकला की शिबिरात जायचं, हिरवी पट्टी बांधून यायचं. कुणा डॉक्टरला न विचारता आम्ही दोघांनी त्या पायरीवर निदान केलं आणि उपचारही ठरवला, थांबायचं.

मग तो म्हणाला, "घरी सांगू नोको. सायकल बंद करतीन."

मी लगेच हो म्हणालो. एवढ्या झटकन मी आयुष्यात कशालाच हो म्हटलेलं नाही. दोस्तीखातर म्हटलं असं मी स्वतःला सांगत आलो. खरं कारण वेगळं होतं. त्याची सायकल बंद झाली असती तर मी एकटा पडलो असतो, आणि वाशीम रोडच्या हॉर्नांत परत गेलो असतो.

त्यानंतर सव्वा वर्ष आम्ही हिंडलो. माझ्या म्हातारपणातला सगळ्यात चांगला काळ तोच, हे सांगायला आता लाज वाटते. टेकड्यांमधून फिरत शिरपूरला गेलो, जैन मंदिरापाशी यात्रेकरूंच्या बसगाड्या बघत पोहे खाल्ले. परत येताना वाट चुकलो असं मला वाटलं, तर तो न थांबता म्हणाला, पुढे नाला, नाल्यानंतर चढ, चढावर दोन गावांची शीव. सगळं तसंच होतं. सारा तालुका त्याच्या डोक्यात मोजून ठेवलेला होता आणि तो त्या मोजणीवर सायकल चालवत होता. बघून नव्हे. दर महिन्याला त्याची मान जरा जास्त वळत होती. मला ते दिसत होतं. मी पुढे राहून सांगायचो, डावीकडे गाय, उजवीकडे खड्डा, आणि मनात म्हणायचो, निभतंय की.

सोयाबीन निघायच्या दिवसांत ते निभलं नाही. त्या दिवसांत आमच्याकडे रस्ते रस्ते राहत नाहीत. डांबर तापतं, म्हणून लोक त्यावर माल वाळत घालतात, आणि गाड्यांनी तुडवू नये म्हणून कडेला ओळीने दगड लावतात. रस्ता जेवढा रिकामा, तेवढा माल जास्त. आमच्या नदीकडच्या उतारावर अर्धा रस्ता पिवळा झालेला होता. मी दगडांच्या उजवीकडून निघालो. त्या दिवशी माझं लक्ष खोऱ्यात होतं, खाली धुकं सुंदर उतरलं होतं, आणि मी काही सांगितलं नाही. त्याच्या मोजणीत त्या जागी नुसता रस्ता होता. मागे दगडावर चाक आपटल्याचा आवाज आला, मग सायकल पडल्याचा.

कपाळ फुटलं होतं, मनगट सुजत होतं, आणि तो सोयाबीनमध्ये बसून दाणे मुठीने सारखे करत होता, कुणाचं नुकसान केलं म्हणून. मालवाली म्हातारी शेतातून धावत आली. आधी चार शिव्या दिल्या, मग रक्त पाहून पदर फाडला. पट्टी बांधता बांधता तिने आपला हात त्याच्या कानाकडून हळूच पुढे आणला. तो नाकासमोर येईपर्यंत त्याने पापणी हलवली नाही. तिने दुसऱ्या बाजूनेही तसंच करून पाहिलं. मी मोतीबिंदू म्हणालो, तर तिने मान हलवली. तिच्या भावाचं असंच झालं होतं. मोतीबिंदूत धुकं दिसतं, बाजू जात नाहीत, हा काचबिंदू आहे आणि तो कुणासाठी थांबत नाही, उद्याच्या उद्या दाखवा, असं तिने बजावलं. नंतर माझ्याकडे वळली.

"तुमाले मालूम नवतं काय?"

मी म्हणालो, नाही. तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेला होता. त्याने ते ऐकलं, आणि दाणे सारखे करत राहिला.

अकोल्याला आम्ही तिघे गेलो, तो, त्याची बायको आणि मी. एसटीने गेलो. त्याच्या बायकोला फक्त पडल्याचं ठाऊक होतं. डोळे तपासायचे, एवढंच मी सांगितलं होतं. तपासणी बराच वेळ चालली. यंत्रात डोकं घालून त्याला बाजूचे ठिपके ओळखायला सांगत होते आणि तो ठिपका दिसायची वाट बघत बसला होता. शेवटी डॉक्टरांनी तिघांना आत बोलावलं. म्हातारीचं बरोबर होतं. जे गेलं ते परत येणार नाही, जे उरलंय ते थेंबांनी टिकवता येईल. लवकर आला असता तर बरंच जास्त उरलं असतं, असंही ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, हे कधीपासून आहे?

मोजणीवाला म्हणाला, "झाले अस्तीन दोन महिने. मीच कोनाले बोललो नाई."

त्याच्या आवाजात काही फरक पडला नाही. ज्या माणसाने जन्मभर कुणाची हद्द बोटभर इकडची तिकडे होऊ दिली नाही, तो माझ्यासाठी सरळ खोटं बोलला. मी गप्प बसलो असतो तर ते तिथेच मिटलं असतं. मी म्हणालो, डॉक्टर, सव्वा वर्ष झालं. ह्याने मला सांगितलं होतं. मला माहीत होतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. त्याची बायको माझ्याकडे बघत राहिली. तो समोर बघत होता, तेवढंच त्याला दिसत होतं.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीपाशी झोपला, मधे ती, कडेला मी. औषधाची पिशवी तिच्या मांडीवर होती. मालेगाव मागे पडलं. मला वाटत होतं, आता तिने शिव्या द्याव्यात, निदान रडावं. तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"भाऊजी, तुमी संगं असता म्हून मी बिनघोर होती."