वर्ध्यात भेटलेली गोदी

आमच्या मॅट्रिकच्या वर्गाचं संमेलन भरणार असल्याचं कार्ड वर्ध्याहून आलं, तेव्हा मी जाणार नव्हते. वर्गात मुली दोनच. त्यातली गोदी परीक्षेआधीच विषमज्वरानं वारली. पंचवीस वर्षांनी एवढ्या पुरुषांत एकटीनं जाऊन काय करायचं? पण यजमान म्हणाले, "जाऊन ये, बदल होईल," आणि मी निघाले.

अमरावतीहून जाणाऱ्यांनी बडनेऱ्याची सकाळची पॅसेंजर धरावी. तिसऱ्या वर्गातला बायकांचा डबा बरा असतो, मात्र पाणी घरूनच घ्यावं. धामणगावापर्यंत दोन्हीकडे फुटलेली कपाशी. नदीचा पूल ओलांडला की पुलगाव, आणि मग वर्धा फार लांब नाही. स्टेशनवरून शाळेपर्यंत टांगा केला.

दारात वर्गातला रामभाऊ उभा होता. आता वकील आहे. "आत तुमच्यासाठी कोणी बसलं आहे," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या बाकावर एक पिकल्या केसांची बाई होती. डाव्या भुवईत जुन्या खोकेचा व्रण. आट्यापाट्या खेळताना ती खोक पडली, तेव्हा रक्त माझ्याच रुमालानं पुसलं होतं.

"बस नं," गोदी म्हणाली. "माह्या तेरवीले जेवली म्हणे तू. का होतं जेवायले?"

"बुंदी," मी म्हणाले.

तेव्हा कळलं. ती महार समाजातल्या सदाशिवबरोबर निघून गेली होती. वडिलांनी आजाराची बातमी पसरवली, तेरवी घातली, गाव जेवलं. रामभाऊला ती मागच्या महिन्यात कारंज्याला अचानक भेटली, म्हणून आज इथं होती. पुढे भाषणं झाली, फोटो निघाला. मला त्यातलं काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी सोडून मी तिच्याबरोबर आर्वीमार्गे कारंज्याला गेले. मोटार खिळखिळी, रस्ता धुळीचा, पण संत्र्याच्या बागा पाहाव्यात अशा. सदाशिव तिथं शाळामास्तर आहेत. मागच्या दसऱ्याला दोघांनी नागपुरात बौद्ध दीक्षा घेतली. गोदीनं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. मी दोनदा मागून घेतली.

"तुले तीन पत्रं धाडलती," ती म्हणाली. "जबाब नाई आला. मले वाटलं, तूबी मले मेलेलीच धरलं."

"मला एकही मिळालं नाही, गोदी."

तिनं ताटं उचलली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.

कारंज्याहून हमरस्त्यानं अमरावतीची मोटार सहज मिळते. घरी पोचले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. हल्ली ती माझ्याकडेच असते. मी उभ्यानंच गोदीच्या पत्रांचं विचारलं.

"आली होती," ती म्हणाली. "तुहं लगन जमत होतं. तुह्या बाबानं चुलीत घातली."

"तू ती वाचलीस?"

"पहिलं वाचलं. तिले पोरगी झालती. तुले पाह्यले बलावलं होतं."

मी खाली बसले. पंचवीस वर्षं ही बाई गोदीच्या नावानं मला रडताना पाहत होती.

त्याच दुपारी मी गोदीला कार्ड लिहायला घेतलं. आई म्हणाली, "मीबी इचारलं म्हणून लिहिजो."

ते मी लिहिलं नाही. खालच्या चार ओळी कोऱ्या ठेवून कार्ड आणि दौत तिच्यापुढे सरकवली. आज चौथा दिवस. कार्ड अजून तिच्याजवळच आहे.