खुंटीवरची पिशवी

नवऱ्याच्या पोटातला पू ज्या पिशवीत उतरायचा, ती पिशवी मी सलाईनसारखी उंच खुंटीला टांगली होती. नातवंडं हे ऐकून हसतात. हसा म्हणते, मीही तेव्हाच्या माझ्यातल्या त्या बाईला हसते. मूल गावच्या बाजारात मासोळी विकताना गिऱ्हाइकाला अक्कल शिकवायची, आणि नर्सबाई शिकवत होती तेव्हा हिचं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे.

त्याच्या लिव्हरमध्ये पू झाला होता. चंद्रपूरच्या दवाखान्यात बरगडीखालून नळी घातली, तिला पिशवी जोडली आणि काही दिवसांनी तसंच घरी पाठवलं. उपकेंद्रातली नर्सबाई स्कुटीवर यायची, पट्टी बदलायची, पिशवीत किती आलं ते बघायची. पिशवी खाटेखालीच राहू द्या, त्याच्या अंगापेक्षा वर नेऊ नका, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. मी हो म्हटलं. हो म्हणण्यात माझा हात धरणारी गावात नव्हती.

पण आजाऱ्याला बघायला लोक येतात. बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवतात आणि नजर थेट खाटेखाली. चॉकलेटी, घट्ट पू; वास बाहेरच्या छपरीपर्यंत. शेजारीण नाकाला पदर लावून बोलायची. जन्म माशांच्या वासात गेला, आणि मला त्या वासाची लाज वाटली! नर्सबाई लसीकरणाला दुसऱ्या गावी गेली होती, तेवढ्यात मी खुंटीवरचं त्याचं जाळं काढलं, पिशवी रिकामी केली आणि तिथं टांगली. तो म्हणाला, "नर्सबाईनं खाली ठेवाले सांगतलं ना वं."

सलाईन कोणी खाटेखाली ठेवते का, असं म्हणून मी त्याला गप्प केलं.

बघायला आलेल्यांनी वर पाहून समाधानानं मान डोलावली. पिशवी कोरडी राहिली. पू संपला म्हणून मी दारोदार सांगून आले. चार घरी चहाही प्याले.

मग त्याला हुडहुडी भरली. गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी खाट वाजायची थांबेना. सकाळी नर्सबाई आली आणि तिनं आधी वर पाहिलं. पिशवी काढून खाली धरली, तसं नळीतून जे धावत आलं ते मला अजून दिसतं. गाडी बोलावता बोलावता तिनं एवढंच विचारलं, कोणी टांगली. मी चुलीकडे तोंड केलं. दूधही नव्हतं तेव्हा चुलीवर.

गाडीत मागे त्याच्याजवळ ती बसली, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. चंद्रपूरहून तो परत आला तो बोलायला नाहीच.

तेरवी झाल्यावर उपकेंद्रात गेले. नर्सबाई एकटीच होती. विचारलं, पिशवीनंच गेला का तो? तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तसं नाई सांगता येत, बाई. आजारही मोठाच होता. पण गाडीत भाऊ मले म्हणत होते, पिशवी मीच उठून टांगली, हिले काही बोलजा नोको. त्यायले तं कूस बदलता येत नव्हती. मी हो म्हटलं."